फाटक सापडेल तसं

६ मार्च

प्रिय कासवा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावंच लागतं, निदान दारातून बाजूला करायला तरी. अक्षर ओळखलं असशीलच. तीस वर्षं चष्म्याचे नंबर लिहून लिहून ते डॉक्टरांसारखं झालंय, डॉक्टर न होता.

कामाचं आधी सांगतो, नाहीतर म्हणशील, भिंग नेहमीप्रमाणे गावभर फिरून शेवटी दारात आला. कुरणावरून मालकिणीचा तुला निरोप आहे.

मागच्या शनिवार-रविवार-सोमवारला आम्ही कुरणावर गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, आमची ही, आणि वकील. कॉलेजातलं आपलं टोळकं आता एवढंच उरलंय. गुरं एकेचाळीस आहेत, घोडे तीनच ठेवलेत. मालकिणीचे यजमान, आपले डॉक्टर, आता गुडघ्यांमुळे बाहेरगावची जनावरं तपासायला जात नाहीत, घरचीच बघतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्या माणसांनाही औषधं सुचवतात. वकिलाच्या खोकल्यावर त्यांनी जे दिलं ते बैलांचं होतं असा वकिलाचा दावा आहे. खोकला थांबला मात्र.

बाकी सगळं तसंच. पोचलो की चहाच्या आधी मालकीण दारात उभी राहून विचारते, ‘फाटकाचं काय?’ आणि आम्ही साठीला टेकलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी एका सुरात म्हणतो, ‘सापडेल तसं.’ उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं सापडलं तर लावून पुढं जायचं. मगच चहा मिळतो.

रविवारी दुपारी आम्ही कुंपणाची तार ओढत होतो. म्हणजे मालकीण ओढत होती, मी पक्कड धरून उभा होतो. एकदम म्हणाली, “कासव काय करतो रे हल्ली?” सहा वर्षांत तिनं तुझं नाव पहिल्यांदा काढलं. मी म्हटलं, शाळा, आणखी काय. तर म्हणाली, “त्याला सांग, मी ते केव्हाच सोडून दिलंय. माझ्या मनात काही नाही. एप्रिलच्या सुट्टीला ये म्हणावं.”

तर हा निरोप. तिनं तुला माफ केलंय. घोडी गेली, दोन वासरं गेली, हे वाईटच झालं. पण फाटक लावलं म्हणून कुणाला जन्मठेप होत नाही, असं वकीलसुद्धा म्हणाला, आणि तो फुकट सल्ला सहसा देत नाही. तू मनाला फार लावून घेतलंस रे. आता जास्त ताणू नकोस.

पाठ कशी आहे? अजून पट्टा बांधतोस का?

वहिनींना नमस्कार. हे पत्र लिहायला तीन दिवस कशाला लागले, असं आमची ही विचारते आहे. तिला म्हटलं, सवय नाही.

तुझा,
भिंग


२५ मार्च

प्रिय कासवा,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी आठ ओळी, म्हणजे तुझ्या वेगाला धरूनच आहे.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा वाचलं. मग गिऱ्हाईक आलं, त्याला तपासायला बसवलं, आणि दोन वेळा तेच भिंग लावलं. तो म्हणाला, “अहो, मघाचंच आहे हे.” असं माझं पूर्वी झालं नव्हतं.

तू लिहितोस, ‘मालकिणीला नमस्कार. पण माफी घेता येत नाही, कारण फाटक मी लावलं की नाही हे मला आजही आठवत नाही. फाटकातून आल्याचं आठवतं. त्याच्या पायाशी एक दगड होता आणि दगडावर सरडा होता, हे आठवतं. पण तो दगड त्याच फाटकाचा, की आणखी कुठला, हे सांगता येत नाही. रोज आठवून बघतो. तुला काही आठवतं का?’

आता मला काय आठवणार? कुरणात दगडांना तोटा आहे का? आणि सरडे तर काय, दगड तिथं सरडा. टेकडीवरून उतरताना मी पुढं होतो, वकिलाशी हुज्जत घालत. मधे मालकीण आणि आमची ही. तू सगळ्यांच्या मागे, नेहमीप्रमाणे गवताची पाती बघत. मागचं मला कसं दिसणार? माझ्या डोक्याला मागे डोळे नाहीत, असते तर धंद्यात उपयोग झाला असता.

आणि रोज कशाला आठवतोस? इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? मला काल काय जेवलो ते आठवत नाही. तू भूगोलाचा मास्तर, तुला नद्या आठवल्या म्हणजे झालं.

तुझं उत्तर मी मालकिणीला फोनवर सांगितलं. म्हणजे सगळं नाही, नमस्कार तेवढा. ती म्हणाली, “म्हणजे येतोय ना?” मी म्हटलं, बघू. व्हरांड्यातल्या खुंटीखाली तुझे बूट अजून आहेत. कुणाला घालू देत नाही ती. वकिलाच्या मेव्हण्यानं एकदा चुकून पाय घातला, तर काढायला लावले.

ये रे. एप्रिलची अकरा, बारा, तेरा. निरोप घे आणि ये, बाकी कशाच्या खोलात जाऊ नकोस.

भिंग


१२ एप्रिल, कुरणावरून

कासवा,

आला नाहीस. काल संध्याकाळच्या गाडीची स्टेशनवर सगळ्यांनी वाट बघितली. मालकिणीनं तुझ्या बुटांना तेल लावून ठेवलं होतं. गाडीतून दोन अनोळखी माणसं तेवढी उतरली. गाडी सुटली, मग आम्ही जीप वळवली.

आज सकाळी अंडी खाताना वकील म्हणाला, “कासवाला रस्ता आठवला नसेल. हल्ली त्याला घराचा पत्ता लिहून द्यावा लागतो म्हणे.” सगळे हसले. मीही हसलो. हे तुला सांगायची काही गरज नव्हती, पण लिहून टाकलं.

आमची ही हसली नाही. खोलीत आल्यावर तिनं सांगितलं की वहिनींचा तिला बुधवारी फोन आला होता. चार दिवस तिनं ते पोटात ठेवलं, कारण तुझ्यामाझ्यात काय आहे ते तिला कळत नाही आणि मी सांगत नाही. वहिनी म्हणाल्या की तू निजल्यावर तीन-तीनदा उठतोस. कुलूप, गॅस, नळ. सकाळी शाळेला निघालास की कोपऱ्यावरून परत येतोस, कुलूप बघायला. वर्गाच्या सहली तू सहा वर्षांपूर्वीच सोडल्यास, पोरं मोजताना चुकशील म्हणून. आणि आता तीन वर्षांची नोकरी शिल्लक असताना राजीनामा लिहून ठेवलायस. तीस एप्रिलला देणार आहेस. वहिनींना म्हणालास, “आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी एक फाटक, मग सगळंच.”

तुझी आई मला आठवते. मला ‘चष्मेवाला आला’ म्हणायची, आणि तुला, पोटच्या पोराला, ‘हे कोण बसलेत?’ विचारायची. तुझं तोंड तेव्हा कसं व्हायचं तेही आठवतं. दोन वर्षं तू तिच्यासमोर रोज पहिल्यांदा ओळख करून दिल्यासारखा बसायचास.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी एकटाच फिरायला गेलो. वरच्या कुरणात जायचं ते फाटक तुला आठवत असेल. लोखंडी नळ्यांचं, उजवीकडं जरा कललेलं, साखळी आहे. उन्हाळ्यात वरच्या बाजूला पाण्याचा थेंब नसतो, गुरांनी केव्हाही खाली तळ्यावर यावं म्हणून ते सताड उघडं असतं. आजही आहे. वाऱ्यानं आपटून बंद होऊ नये म्हणून पायाशी दगड लावलेला आहे.

दगड तोच आहे. त्याला एका बाजूनं पांढरी शीर आहे.

चहाला हाक मारताहेत. हे पत्र इथूनच टाकणार होतो, पण पेटी लांब आहे.

भिंग


२० एप्रिल

कासवा,

मागचं पत्र आणि हे एकाच पाकिटात घालतो आहे. ते मी आठ दिवस कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. पेटी दुकानासमोरच आहे.

दुपार आहे. बाहेर ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी लावलीय आणि आतून कडी घातलीय. डबा उघडलेला नाही. एकदा जेवलो की मला झोप येते आणि झोपून उठलो की मला सगळं सोयीचं वाटायला लागतं, हे मला आता कळलंय.

फाटक मी लावलं.

आता सगळं नीट, ओळीनं सांगतो. त्या सोमवारी टेकडीवरून आपण दहाच्या सुमाराला उतरलो. मी पुढं होतो असं मी तुला मार्चमधे लिहिलं. ते खरं आहे. उतरताना पुढंच होतो. मी परत गेलो, ते लिहिलं नाही.

घरी आल्यावर तू आंघोळीला गेलास, वकील बॅग भरत होता, बायका स्वयंपाकघरात. मी खिसा चाचपला तर वाचायचा चष्मा नाही. वर थर्मासमधून चहा प्यायलो तिथं खडकावर राहिला होता. चष्मेवाला चष्मा विसरला, हे वकिलाला कळलं असतं तर त्यानं पुढची दहा वर्षं ते पुरवून पुरवून खाल्लं असतं. म्हणून कुणालाही न सांगता तबेल्याच्या मागून गेलो. फाटक उघडं दिसलं. पहिला विचार काय आला सांगू? कासव विसरला. शेवटी हा होता, लावायचं विसरला, आता मालकीण याला फाडून खाणार. सकाळी चढतानाही ते उघडंच होतं, आपण सगळे त्यातूनच गेलो होतो. पण तेव्हाही मी वकिलाशी वाद घालत होतो, वाटेत फाटक आहे हेच माझ्या डोक्यात शिरलं नाही. पोचलो त्या दिवशी चहाआधी मोठ्यानं ‘सापडेल तसं’ म्हटलं होतं. पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं.

चष्मा घेतला, खाली आलो. पायाशी दगड होता. पायानं ढकलून बघितला, हलला नाही. मग वाकून दोन्ही हातांनी गडगडवत बाजूला केला. फाटक ओढलं, साखळी घातली, ओढून बघितली. तुझी चूक मी निस्तरली, आणि तुला सांगणारही नाही, असं मला वाटलं, आणि स्वतःचं फार कौतुक वाटलं. उपकार बोलून दाखवू नयेत म्हणतात. गुरं वर झाडाखाली बसली होती. घोडी मात्र, आपली कवडी, उभी होती, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट माझ्याकडं बघत. तिला मी हात केला.

म्हणजे दगड होता, कासवा. त्याच फाटकाचा. तू आलास तेव्हा तो जागेवर होता, म्हणजे फाटक उघडं होतं आणि तू त्याला हात लावला नाहीस. तू ते सापडेल तसं ठेवलंस. सरडा मी बघितला नाही, पण मी आलो तेव्हा ऊन चढलं होतं, गेला असेल. तुझी आठवण बरोबर आहे. सहा वर्षं बरोबरच होती.

पुढचं तुला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. त्या रात्री मालकिणीला ताप भरला. डॉक्टर दुसऱ्या गावात साथ आली म्हणून गेलेले. कारभारी एक दिवसाआड वर चक्कर मारायचा, कारण फाटक उघडं आहे हे त्याला माहीत होतं. बुधवारी संध्याकाळी त्यानं बघितलं तेव्हा तहानलेल्या गुरांनी कुंपणाची तार अंगावर घेतली होती. दोन वासरं तिथंच गेली. कवडीच्या पोटात मळ दगड होऊन बसला, आणि मालकीण तिचं डोकं मांडीवर घेऊन दोन दिवस बसली. अठरा वर्षांची घोडी. डॉक्टरांनाही काही करता आलं नाही.

दहा दिवसांनी आपण सगळे जमलो. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “शेवटी कोण होतं?” तू म्हणालास, “मी.” “फाटक लावलंत का?” आणि तू थांबलास, खरोखर विचार केलास, कारण तू तसाच आहेस, आणि म्हणालास, “आठवत नाही. लावलं असेल.”

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणालो, “सवयच रे ती. शहरातला माणूस, दार दिसलं की लावतो.” मी तुझी बाजू घेतोय असं सगळ्यांना वाटलं. तुलाही वाटलं. तू माझ्याकडं बघून मान हलवलीस, आभार मानल्यासारखी.

का बोललो नाही? पहिल्या मिनिटाला घाबरलो. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, आता उशीर झाला, आता बोललो तर आधी का नाही बोललास म्हणतील. मग दर सुट्टीला तेच. तू यायचा बंद झालास तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही लिहितो. तुझी रिकामी खुर्ची मला तुझ्यापेक्षा बरी वाटायची.

कार्डात तू विचारलंस, तुला काही आठवतं का, आणि मी तुझी थट्टा केली. तुला आईचं भय वाटत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नाही. मला वाटलं, रुसलाय.

राजीनामा देऊ नकोस. हे सांगायचा मला काही अधिकार नाही, तरी सांगतो. तुझं डोकं शाबूत आहे. माझी लाज गेली होती.

मालकिणीला मी स्वतः सांगणार आहे, तोंडानं. मे महिन्याच्या सुट्टीत. फोनवर सांगितलं तर मी पुन्हा काहीतरी चतुर बोलेन.

पाकिटावर जास्तीची तिकिटं लावतोय. तीसच्या आत पोचायला हवं.

भिंग


१० मे, कुरणावरून

कासवा,

तुझं काही उत्तर नाही. राजीनाम्याचं काय झालं ते मला माहीत नाही, वहिनींना विचारायचं धाडस नाही.

काल संध्याकाळी पोचलो. मालकीण दारात उभी, ‘फाटकाचं काय?’ वकील आणि आमची ही म्हणाले, ‘सापडेल तसं.’ मी म्हटलं, “ते मी लावलं होतं.” तिला कळलं नाही. ती म्हणाली, “आत्ता? आणि कशाला लावलंस?” मग मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो आणि तुला लिहिलं तेवढं सगळं सांगितलं. कौतुक वाटलं होतं तेही, तुझ्याबद्दल बोललो होतो तेही.

वकिलानं चहाचा कप धरला होता तो तसाच धरून ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. आमची ही माझ्याकडं बघत नव्हती, अंगणाकडं बघत होती. मालकीण आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत असावी.

बाहेर आली आणि तिनं एकच विचारलं. “दगड तू काढलास? कसा?”

“दोन्ही हातांनी,” मी म्हटलं. “गडगडवत.”

ती म्हणाली, “मीच लावला होता तो. पायानं सरकेल असा नव्हताच. कासवाची पाठ गेलेली, त्या वर्षी तो जमिनीवरचा रुमालही गुडघे टेकून उचलायचा. त्यानं तो दगड कसा हलवला असेल, हे मला त्याच आठवड्यात सुचलं होतं.”

आमची ही म्हणाली, “मग तू विचारलं का नाहीस?”

मालकीण बराच वेळ हात पुसत राहिली. “तो ‘लावलं असेल’ म्हणाला ना,” ती म्हणाली. “मला कुणीतरी हवं होतं. मी तापात पडून होते, बुधवारपर्यंत गुरांकडं बघितलं नाही, ते मग माझ्यावर यायचं थांबलं.”

नंतर डॉक्टरांना म्हणाली, “आणि मी त्याला माफी पाठवली. हसला असेल तो.” तू हसला नसशील हे तिलाही माहीत होतं.

आज सकाळी ते दोघं जीप घेऊन तुझ्याकडं निघाले. मीही कपडे करून उभा राहिलो, तर ती म्हणाली, “तू नाही.” वकिलाला सुट्टीनंतर लगेच कोर्ट, तो गाडीनं परत गेला, जाताना माझ्याशी हात मिळवला नाही, आणि मिळवला असता तर मलाच बरं वाटलं नसतं. आमची हीसुद्धा जीपमधे बसली. वहिनींना भेटायचंय म्हणाली. मला एवढंच सांगून गेली की डबा झाकून ठेवलाय.

मालकिणीनं तुझे बूट पिशवीत घालून नेलेत.

मला काम दिलंय. कारभारी सोबत आहे, पण ते काम माझं एकट्याचं. दिवसातून दोनदा तळ्याशी उभं राहायचं आणि पाण्यावर आलेलं प्रत्येक जनावर मोजायचं. एकेचाळीस झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. “चुकलास तर पहिल्यापासून,” असं बजावलंय. सकाळी मी तीनदा चुकलो. गुरं एका जागी उभी राहत नाहीत हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. आता संध्याकाळ होत आली. सदतीस झालीत. एक तांबडी गाय आणि तिच्यामागचं वासरू अजून फाटकाच्या वर रेंगाळताहेत, आणखी दोन दिसत नाहीत.

दगड जागेवर आहे. त्याच्यावर आज काही नाही.

अडतीस.

भिंग


१६ मे

भिंगा,

तुझं जाड पाकीट सत्तावीसला आलं. शाळेत नेलं, मधल्या सुट्टीत वाचलं, पुढच्या तासाला पोरांना नकाशा भरायला दिला आणि खिडकीपाशी उभा राहिलो. एका पोरीनं विचारलं, सर, बरं वाटत नाहीय का? मी म्हटलं, बरं वाटतंय.

मग राग आला, आणि तो दहा दिवस पुरला. तुला उत्तर लिहायला चार वेळा बसलो. त्यातलं एक चांगलं जमलं होतं, ते हिनं फाडलं.

चष्मेवाला चष्मा विसरला, या ठिकाणी मला हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला. हे तुला कळावं म्हणून लिहितो.

मालकीण, डॉक्टर आणि तुझी बायको रविवारी आले. मालकीण दारातच म्हणाली, “आत येऊ का?” तिनं आयुष्यात कुणाला असं विचारलं नसेल. दोन दिवस राहिली. पाठीचं मलाही कधी सुचलं नाही बघ. सहा वर्षं मी ते फाटक मनात लावून बघायचो, रोज, कधी डाव्या हातानं, कधी उजव्या. साखळीचा गारवासुद्धा हाताला जाणवायला लागला होता. त्यासाठी आधी तो दगड हलवावा लागेल आणि तो माझ्यानं हलणार नाही, एवढी साधी गोष्ट. आठवणीत मी तरुणच होतो.

सरडा उजव्या बाजूला होता. पांढरी शीर आहे ना, तिच्यावर. शेपूट अर्धी होती.

राजीनामा कपाटात आहे. दिला नाही, फाडलाही नाही. जूनमधे पोरांना नदीच्या उगमाकडं न्यायचं आहे, बेचाळीस आहेत. मोजायला कुणी सोबत घेऊ का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. मी म्हटलं, नको.

माफ केलं असं तुला लिहिणार नाही. तो शब्द आपल्यात काही दिवस कुणी वापरू नये. ऑगस्टच्या सुट्टीला मी कुरणावर जाणार आहे. बूट जरा घट्ट होताहेत, वापरले की सैल होतील. तू आलास तर तुझ्याशी बोलेनच असं नाही. पण ये. वाचायच्या चष्म्याचा नंबर बदललाय, तपासायचं सामान घेऊन ये.

काल निजायच्या आधी कुलूप लावलं. मग अंथरुणावर पडून वाट बघितली, उठून बघावंसं वाटतंय का. वाटलं नाही.

कासव